तरुणांची उमेदवारी

बेंगळूर शहराच्या दक्षिण अंगाला जे. पी. नगर नावाची वस्ती आहे. तिला वस्ती म्हणण्यापेक्षा उपनगर म्हणणेच अधिक योग्य. कारण ती एकापुढे एक टप्प्याटप्प्यांनी वाढत गेली, आणि आज पत्त्यात कितवा टप्पा हे सांगितल्यावाचून तेथे कोणी कोणाच्या दारी पोहोचत नाही. सरक्कीचे तळे आणि पुट्टेनहळ्ळीचे तळे ही तिची जुनी निशाणी. दुसऱ्या टप्प्यात 2004 साली उघडलेले 'रंगशंकरा' हे नाट्यगृह आहे. ज्या शंकर नाग यांच्या स्मरणार्थ ते उभे राहिले, त्यांनी आरंभीच्या काळात मुंबईस मराठी रंगभूमीवर काम केले होते, आणि '22 जून 1897' ह्या मराठी चित्रपटातही ते होते. नोकरदार, वकील, निवृत्त अधिकारी आणि अलीकडे संगणकाच्या धंद्यात शिरलेली तरुण मंडळी अशी येथील वसती आहे. अशा घरांत राजकारणाची चर्चा पुष्कळ होते. राजकारणात उतरण्याची इच्छा मात्र फारशी आढळत नाही.

वस्तीच्या नावातील दोन अक्षरे जयप्रकाश नारायण यांची आहेत. मेट्रो रेल्वेच्या स्थानकावर हे नाव पूर्ण लिहिलेले आढळते. रोजच्या बोलण्यात 'जेपी' एवढेच उरले आहे. ज्या मतदारसंघात ही वस्ती मोडते, तो दक्षिण बेंगळूरचा लोकसभा मतदारसंघ 1991 पासून अखंडपणे भारतीय जनता पक्षाकडे आहे. 2019 साली तेथून निवडून आलेले खासदार तेजस्वी सूर्या हे 2020 च्या सप्टेंबरात भारतीय जनता युवा मोर्चाचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी वयाची तिशीही गाठली नव्हती. तरुणांनी पक्षाच्या चौकटीबाहेर राहावे असे आयुष्याच्या अखेरच्या पर्वात सांगणाऱ्या नेत्याचे नाव धारण करणारी वस्ती, आणि तरुणांना पक्षाच्या चौकटीत घडविणारी देशातील एक मोठी संघटना, ह्या दोहोंची गाठ अशी एका ठिकाणी पडली आहे.

हा केवळ नावाचा योगायोग नव्हे. दोहोंचा उगम एकाच लाटेत आहे. 1974 साली बिहारातील विद्यार्थ्यांनी भ्रष्टाचार आणि महागाई यांविरुद्ध आंदोलन उभारले आणि त्याचे नेतृत्व करण्याची विनंती जयप्रकाशांना केली. 5 जून 1974 रोजी पाटण्याच्या गांधी मैदानावर त्यांनी संपूर्ण क्रांतीची घोषणा केली. त्या आंदोलनात समाजवादी युवक होते, तसेच अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेचे कार्यकर्तेही होते. पुढे एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी ठरलेले लालूप्रसाद यादव आणि सुशीलकुमार मोदी हे तेव्हा एकाच मांडवाखाली होते. परंतु पक्षांचे विद्यार्थी आपापल्या पक्षाकडेच पाहतात, हे जयप्रकाशांना जाणवल्यावाचून राहिले नाही. म्हणून 1975 च्या आरंभी त्यांनी छात्र युवा संघर्ष वाहिनी ही निराळी संघटना काढली. तिच्या सभासदाने कोणत्याही पक्षाचे सभासद असू नये, आणि तिशी ओलांडताच त्याने संघटनेतून बाहेर पडावे, असा तिचा दंडक होता.

ह्या लाटेचा बेंगळूरशी फार निकटचा संबंध आला. आणीबाणी पुकारली गेली तेव्हा संसदेच्या एका समितीच्या कामासाठी अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि आपले मधु दंडवते हे बेंगळुरात होते. 26 जून 1975 रोजी ते तेथेच पकडले गेले आणि तेथल्याच मध्यवर्ती तुरुंगात त्यांची रवानगी झाली. जनसंघाचे दोन पुढारी आणि कोकणच्या मतदारांनी निवडून दिलेला एक समाजवादी प्राध्यापक यांचा तो सहवास म्हणजे पुढल्या जनता पक्षाची जणू पूर्वतयारीच होती. 1977 च्या निवडणुकीत उत्तर भारतात काँग्रेसची धूळधाण उडाली, तरी कर्नाटकाने मात्र 28 पैकी 26 जागा काँग्रेसलाच दिल्या. उरलेल्या दोन जागांपैकी एक दक्षिण बेंगळूरची होती. तेथून निवडून आलेले के. एस. हेगडे हे सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. ज्येष्ठता डावलली गेली म्हणून 1973 साली त्यांनी राजीनामा दिला होता. पुढे ते लोकसभेचे सभापती झाले. तेव्हापासून 1989 चा एकच अपवाद सोडला, तर ह्या मतदारसंघाने काँग्रेसला जवळ केलेले नाही. जनता पक्ष, जनता दल यांची ओहोटी लागली तशी तेथील मते भारतीय जनता पक्षाच्या पात्रात वळली, एवढाच फरक.

युवा मोर्चाही त्याच काळातला. जनसंघ जनता पक्षात विलीन झाल्यानंतर, 1978 साली त्याची उभारणी झाली आणि कलराज मिश्र हे त्याचे पहिले प्रमुख झाले. 1980 च्या एप्रिलात भारतीय जनता पक्ष जन्मास आला तेव्हा ही संघटना त्याची युवक आघाडी म्हणून उभी राहिली. येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे, कारण तो वृत्तपत्रांतही नेहमी होतो. विद्यार्थी परिषद आणि युवा मोर्चा ह्या एक नव्हेत. विद्यार्थी परिषद 1949 साली नोंदली गेली, म्हणजे जनसंघाहूनही ती वयाने वडील आहे. मुंबईचे प्राध्यापक यशवंतराव केळकर यांनी तिला आकार दिला, आणि आपण कोणत्याही पक्षाचे अंग नाही असे ती स्वतः सांगत आली आहे. महाविद्यालय हे तिचे क्षेत्र. युवा मोर्चा हा मात्र उघड उघड पक्षाचा अवयव आहे. महिला, शेतकरी, मागासवर्ग, अनुसूचित जाती, जमाती, अल्पसंख्य यांच्या ज्या आघाड्या पक्षाने बांधल्या त्यांतीलच तो एक. एकीतून दुसऱ्यात जाण्याची वाट मात्र रुळलेली आहे. सहा वेळा दक्षिण बेंगळूरचे प्रतिनिधित्व केलेले अनंतकुमार याच वाटेने आले. हुबळीस शिकत असताना आणीबाणीत त्यांनी कारावास भोगला, विद्यार्थी परिषदेत पदे सांभाळली, 1987 मध्ये पक्षात येऊन युवा मोर्चाचे काम हाती घेतले आणि 1996 साली ते लोकसभेत गेले.

आता मुख्य प्रश्न असा की, ज्या पक्षाचा ओढा परंपरा टिकविण्याकडे, त्याने तरुणांची संघटना बांधायची कशासाठी? तारुण्याची प्रकृती बदल मागण्याची, आणि अशा पक्षाची प्रकृती बदलाला जपून सामोरे जाण्याची. इंग्लंडातील ज्या पक्षाला मराठी वृत्तपत्रे कित्येक वर्षे हुजूर पक्ष म्हणत आली, त्यालाही हाच प्रश्न पडला होता. भारतीय जनता पक्ष हा त्या अर्थाने हुजूर पक्ष नव्हे, हे मान्य केले पाहिजे. त्याच्या स्थापनेच्या वेळी गांधीवादी समाजवाद हे ब्रीद होते, आणि राष्ट्र, धर्म व संस्कृती यांविषयीची त्याची भूमिका इंग्लंडच्या राजकारणातून आलेली नाही. तरीही जगातील परंपरानिष्ठ पक्षांच्या संघात तो बसतो आणि त्याच पंक्तीत त्याची गणना होते. तेव्हा तुलना अगदीच अस्थानी ठरत नाही.

मराठीत 'उमेदवारी' ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. कचेरीत किंवा वकिलाच्या हाताखाली बिनपगारी राहून काम शिकणे ही जुन्या काळची उमेदवारी. आणि निवडणुकीस उभे राहण्यासाठी पक्षाकडून मिळते तीही उमेदवारीच. परंपरानिष्ठ पक्षांच्या युवक संघटनांचे सारे मर्म ह्या दोन अर्थांच्या मधल्या अंतरात आहे. तरुण पहिल्या अर्थाने उमेदवारी करतो, ती दुसऱ्या अर्थाची उमेदवारी मिळेल ह्या आशेवर. हे अंतर काहींना पाच वर्षांत कापता येते; पुष्कळांना जन्मभर येत नाही. सभेच्या सतरंज्या अंथरणारे आणि उचलणारे कार्यकर्ते हा आपल्याकडील थट्टेचा विषय असला, तरी त्या थट्टेत एक दुखरी नस आहे, हे प्रत्येक पक्षाच्या कार्यकर्त्याला ठाऊक असते.

ही पहिली उमेदवारी कशी चालते ते पाहण्यासारखे आहे, कारण सभा आणि घोषणा ह्या तिच्या वरवरच्या बाजू होत. खरे काम मतदारयादीशी. एका मतदान केंद्राला साधारणपणे हजार-बाराशे मतदार असतात. त्यांची यादी अनेक पानांची, आणि एका पानावर तीसेक नावे. भारतीय जनता पक्षाने प्रत्येक पानाची जबाबदारी एका कार्यकर्त्यावर टाकण्याची पद्धत पाडली. त्यास 'पन्नाप्रमुख' म्हणतात. त्या पानावरचे कोण घर बदलून गेले, कोण वारले, कोणाची मुलगी यंदा अठरा वर्षांची झाली, हे त्याने जाणून असावे अशी अपेक्षा असते. मतदानाचे वय 21 वरून 18 वर आले ते 1989 साली, एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने. त्यामुळे प्रत्येक पक्षाला एकाएकी नवी मते दिसू लागली आणि युवक संघटनांचे मोल वाढले. 2022 पासून तर नाव नोंदविण्यासाठी वर्षात एकाऐवजी चार तारखा धरल्या जातात, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यासही आगाऊ अर्ज करता येतो. तेव्हा सहा क्रमांकाचा नमुना भरून घेणे हे युवक कार्यकर्त्याचे बारमाही काम झाले आहे.

जे. पी. नगरासारख्या ठिकाणी हे काम सोपे नाही. बहुमजली इमारतींच्या फाटकावर पहारेकरी असतो, तो कार्यकर्त्याला आत सोडत नाही. भाडेकरू दर दोन वर्षांनी बदलतात, त्यांची नावे मूळ गावीच राहिलेली असतात. मतदानाच्या दिवशी सुटी जोडून शहर सोडणारी कुटुंबेही थोडी नाहीत. 2019 आणि 2024 ह्या दोन्ही लोकसभा निवडणुकांत दक्षिण बेंगळुरात 53-54 टक्क्यांच्या आसपासच मतदान झाले. इतक्या शिकल्यासवरल्या भागाची ही स्थिती! अशा ठिकाणी प्रतिपक्षाचे मन वळविण्यापेक्षा आपल्या माणसाला घराबाहेर काढणे हेच मोठे काम ठरते. त्याचे प्रत्यंतर 2023 च्या मे महिन्यात आले. जे. पी. नगराचा काही भाग ज्यात येतो, त्या जयनगर विधानसभा मतदारसंघात रात्रीपर्यंत मतमोजणी आणि फेरमोजणी चालली, आणि भारतीय जनता पक्षाचे सी. के. राममूर्ती हे काँग्रेसच्या सौम्या रेड्डी यांच्यावर विजयी झाले ते अवघ्या 16 मतांनी. सोळा मते म्हणजे मतदारयादीचे जेमतेम अर्धे पान. पाच वर्षांपूर्वी हीच जागा सौम्या रेड्डी यांनी तीन हजारांहून कमी मतांनी जिंकली होती. त्या रात्री दोन्ही पक्षांच्या कार्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढे कोणकोणती बंद दारे उभी राहिली असतील, याची कल्पना करता येते.

पहिल्या उमेदवारीतून दुसरीकडे नेणारी शिडी महाराष्ट्रात स्पष्ट दिसते. देवेंद्र फडणवीस यांनी नागपुरात युवा मोर्चाच्या वॉर्डापासून आरंभ केला. 1992 साली वयाच्या एकविसाव्या वर्षी ते नगरसेवक झाले, 1997 मध्ये महापौर, 1999 मध्ये आमदार, आणि 2014 मध्ये मुख्यमंत्री. ह्या शिडीची एकही पायरी गाळलेली नाही. अंबाजोगाईचे प्रमोद महाजन यांची गोष्ट थोडी निराळी. आणीबाणीत नाशिकच्या तुरुंगात राहिलेला हा शिक्षक 1986 साली युवा मोर्चाचा राष्ट्रीय अध्यक्ष झाला, आणि पुढे पक्षाच्या निवडणूकतंत्राचा सूत्रधार ठरला. लोकांतून निवडून येण्यापेक्षा निवडणुका लढविण्याची कला हे त्यांचे बळ होते. तीस वर्षांनी, 2016 मध्ये, त्यांच्या कन्या पूनम महाजन त्याच पदावर आल्या. राजनाथ सिंह, जगत प्रकाश नड्डा, उमा भारती, शिवराजसिंह चौहान ही नावेही त्याच अध्यक्षांच्या मालिकेतली आहेत. पक्षाच्या वरच्या फळीतील इतकी माणसे एका दारातून आली असतील, तर त्या दाराशी तरुणांची गर्दी व्हावी यात नवल काय?

मात्र शिडीची जी पायरी फडणवीसांना एकविसाव्या वर्षी सापडली, ती पुढल्या पिढीच्या पायाखालून काही काळ निघून गेली. बेंगळूरच्या महापालिकेची मुदत 2020 च्या सप्टेंबरात संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे तेथे निवडणूक झाली नाही; 2025 साली महापालिकाच मोडून तिच्या पाच करण्यात आल्या. मुंबई, पुणे, नागपूर येथेही 2022 नंतर काही वर्षे प्रशासकांचाच कारभार होता. न्यायालयीन वाद, आरक्षण, वॉर्डांची फेररचना अशी कारणे सांगितली गेली आणि ती काही अंशी खरीही आहेत. पण ज्या मुलाने विसाव्या वर्षापासून गटार तुंबल्याच्या तक्रारी वाहिल्या, त्याला निवडणुकीस उभे राहण्याची जी सर्वांत धाकटी संधी, तीच नाहीशी झाली. नगरसेवकाची जागा नसली की आमदारकीवाचून खालचे पद उरत नाही, आणि आमदारकीच्या रांगेत पैसा व घराणे यांची वर्णी आधी लागते. युवक संघटनांच्या चर्चेत ह्या गोष्टीचा उल्लेख क्वचितच होतो. वास्तविक तीच ह्या विषयातील सर्वांत मोठी घडामोड मानली पाहिजे.

रांग मोडूनही कधी कधी संधी मिळते. 2018 च्या नोव्हेंबरात अनंतकुमार वारले. पुढल्या वर्षीच्या निवडणुकीत त्यांच्या पत्नी तेजस्विनी यांनाच उमेदवारी मिळेल असे बहुतेकांनी धरले होते. राज्यशाखेचाही कल तिकडेच होता. अर्ज भरण्याची अखेरची तारीख 26 मार्च, आणि आदल्या रात्री उशिरा दिल्लीहून नाव आले ते 28 वर्षांच्या एका वकिलाचे. तेजस्वी सूर्या तेव्हा राज्य युवा मोर्चाचे सरचिटणीस होते. ते सव्वातीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले, आणि 2024 मध्ये पुन्हा पावणेतीन लाखांच्या फरकाने. ह्या निवडीचा अर्थ दोन प्रकारे लावला गेला. घराण्यापेक्षा संघटनेला मान मिळाला असे काहींनी म्हटले. तर इतरांनी त्यांचे काका शेजारच्या बसवनगुडीचे आमदार आहेत याकडे बोट दाखविले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पण तिसरी गोष्ट अधिक बोलकी आहे: निर्णय वरून आला. युवा मोर्चाचा राष्ट्रीय अध्यक्ष पक्षाध्यक्ष नेमतात. संघटनेचे सभासद तो निवडीत नाहीत.

नेमलेला आणि निवडलेला यांत जो फरक, तो 'नाही' म्हणण्याच्या वेळी दिसून येतो. यासाठी बाहेरची दोन उदाहरणे उपयोगी पडतात. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धानंतर हुजूर पक्षाने तरुणांची जी संघटना बांधली, तिचे सभासद 1949 च्या सुमारास दीड लाखाच्या घरात गेले होते. टेनिस, नाच, सहली यांची तेथे रेलचेल असे. लग्ने जमविणारी देशातील सर्वांत यशस्वी संस्था अशी तिची थट्टा होई. राजकारण तिच्यात बेताचेच होते, आणि पक्षालाही तेच हवे होते. हे स्नेहसंमेलन पुढे ओसरले. शतकाच्या अखेरीस त्या संघटनेत नाव सांगण्यासारखे बळ उरले नाही, आणि 1998 मध्ये ती नव्या संघटनेत विसर्जित झाली. पक्षाशी खरा झगडा केला तो त्याच्या विद्यार्थ्यांनी. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात हुजूर पक्षाचा विद्यार्थी संघ थॅचरबाईंहूनही अधिक थॅचरवादी झाला. आणि त्याच्या नियतकालिकाने जेव्हा पक्षाचेच वयोवृद्ध माजी पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांच्यावर महायुद्धाच्या अखेरीस कोसॅकांना रशियाच्या हवाली केल्याचा ठपका ठेवला, तेव्हा 1986 मध्ये पक्षाचे अध्यक्ष नॉर्मन टेबिट यांनी तो संघ बरखास्त करून टाकला. परंपरेचा कैवार घेणारे तरुण नेहमीच मवाळ असतात, हा समज ह्या प्रकरणाने खोटा ठरविला आहे. पुष्कळदा ते वडिलांहून कडवे असतात, आणि वडिलांची खरी अडचण तीच असते.

जर्मनीतील गोष्ट ह्याहून निराळ्या वळणाची. तेथील ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्षांची 'युंगे युनियन' 1947 पासूनची. चौदा ते पस्तीस हे तिच्या सभासदांचे वय. पुढे देशाचे चॅन्सेलर झालेले हेल्मुट कोल हे तिच्या पहिल्या पिढीतले. ती आपला अध्यक्ष स्वतः निवडते. 2025 च्या नोव्हेंबरात तिच्या अधिवेशनात चॅन्सेलर फ्रीडरिख मेर्त्स यांचे स्वागत अगदी थंडपणे झाले. कारण निवृत्तिवेतनाचे होते: सरकारच्या नव्या विधेयकाने म्हाताऱ्यांचे निवृत्तिवेतन सांभाळले जाईल, पण 2031 नंतरचा बोजा आमच्या पिढीच्या मानेवर बसेल, अशी ह्या तरुणांची हरकत होती. संसदेतील पक्षाच्या तरुण गटात अठरा सभासद, आणि सत्तारूढ आघाडीचे बहुमत अवघ्या बाराचे! कित्येक आठवडे सरकार अडचणीत सापडले. डिसेंबरात विधेयक शेवटी मंजूर झाले खरे. परंतु एका पिढीचे गाऱ्हाणे पक्षाच्या आतूनच, आकडेवारी मांडून, पंतप्रधानाच्या तोंडावर सांगितले गेले.

आपल्याकडे असा प्रसंग आला नाही असे मात्र नाही. आणि तो आला कर्नाटकातच. 26 जुलै 2022 रोजी दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळ्ळारे येथे युवा मोर्चाचे कार्यकर्ते प्रवीण नेट्टारू यांची हत्या झाली. राज्यात तेव्हा भारतीय जनता पक्षाचेच सरकार होते. अंत्यदर्शनासाठी आलेल्या प्रदेशाध्यक्षांची मोटार कार्यकर्त्यांनी अडविली. आपले सरकार असून आपल्या माणसाचा जीव जातो, असा संताप सर्वत्र उसळला, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून युवा मोर्चाच्या पदाधिकाऱ्यांनी सामुदायिक राजीनामे दिले. मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांच्या सरकारला वर्ष पूर्ण झाल्याबद्दल दोड्डबळ्ळापूर येथे दुसऱ्याच दिवशी जो उत्सव भरायचा होता, तो मध्यरात्रीच्या सुमारास रद्द करण्यात आला. तपास राष्ट्रीय अन्वेषण यंत्रणेकडे गेला. तिने पुढे पॉप्युलर फ्रंट ऑफ इंडिया ह्या संघटनेच्या लोकांवर आरोपपत्र ठेवले.

ह्या प्रसंगाचा बारकाईने विचार केला, तर त्यात त्वेष होता, दुःख होते, आणि पक्षनिष्ठेची मर्यादाही होती. राजीनामे पक्षाचे नव्हते, पदांचे होते. आणि बहुतेक कार्यकर्ते थोड्याच काळात कामाला परतले. विरोधी पक्षाचे सरकार असते, तर काय करायचे हे ह्या तरुणांना पाठ होते: मोर्चा काढायचा, रस्ता अडवायचा, अटक करून घ्यायची. 2011 च्या जानेवारीत श्रीनगरच्या लाल चौकात तिरंगा फडकविण्यासाठी कोलकत्त्याहून निघालेली अनुराग ठाकूर यांची यात्रा जम्मू-काश्मीरच्या सीमेवर अडविली गेली, तेव्हा ह्याच संघटनेने ते सारे शिस्तीने केले होते. आपल्याच सरकारपुढे तक्रार मांडण्याची रीत मात्र त्यांना कोणी शिकविली नव्हती. कारण तशी रीत संघटनेत नाही. जेथे ठराव मांडायला सभा नसते, तेथे माणूस मोटार अडवितो.

दुसऱ्या बाजूने, तरुण नेत्याच्या हाती अधिकार आल्यावर त्वेषाचे काय होते, हेही ह्याच भागाने पाहिले. 2021 च्या मे महिन्यात करोनाची दुसरी लाट भरात असताना खासदार सूर्या यांनी दक्षिण बेंगळूरच्या मदत-केंद्रावर जाऊन रुग्णालयातील खाटांच्या वाटपात लाचखोरी होत असल्याचा आरोप केला. गैरव्यवहाराचा मुद्दा खोटा नव्हता, पोलिसांनी त्यात अटकाही केल्या. पण त्या भेटीत केंद्रातील दोनशेहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी फक्त सतरा मुसलमान कर्मचाऱ्यांची नावे वाचून दाखविण्यात आली, आणि खाटांचा प्रश्न बाजूला राहून देशभर वाद पेटला. ज्यांच्या घरात प्राणवायूची वाट पाहिली जात होती, त्यांना त्या वादाचा उपयोग काय, असा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी केला, आणि तो रास्त होता.

ज्या प्रदेशाध्यक्षांची मोटार बेळ्ळाऱ्यात अडविली गेली, ते नळिनकुमार कटील 2023 च्या नोव्हेंबरात पदावरून गेले. त्यांच्या जागी बी. वाय. विजयेंद्र आले. माजी मुख्यमंत्री येडियुरप्पा यांचे हे पुत्र 2018 मध्ये वरुणा मतदारसंघातून उभे राहण्यास उत्सुक होते. तेव्हा त्यांना विधानसभेची उमेदवारी नाकारण्यात आली, आणि समर्थकांचा रोष शांत करण्यासाठी देण्यात आले ते राज्य युवा मोर्चाचे सरचिटणीसपद.